रॅम ओव्हरक्लॉक केली (ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडने चालवली) आणि पीसी चालूच होईना? आधी हे करा

पहिलं म्हणजे घाबरू नका, व्होल्टेज अति वाढवलं नसेल तर रॅम शक्यतो मेलेली नसते, मदरबोर्डाला तुमची सेटिंग झेपत नाहीये एवढंच. आणि एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमची तयार स्पीड प्रोफाइलं) ऑन केलंत तरी तेही ओव्हरक्लॉकिंगच बरं का, "मी तर फक्त प्रोफाइल लावलं" असं म्हणून चालत नाही.

मग आधी थांबा. खरंच. डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) मध्ये सेटिंग बदलली की बोर्ड मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅम नव्या सेटिंगवर नीट चालते का ते जुळवून बघतो, तेव्हा फॅन फिरतात, स्क्रीन काळीच राहते, एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट) बोर्डांवर याला काही मिनिटं सहज जातात आणि लोक नेमकं तेव्हाच वैतागून पॉवर बटण दाबून धरतात, की ट्रेनिंग परत पहिल्यापासून. दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. आपोआप दोन-तीनदा रीस्टार्ट झाला तर तेही चांगलंच, बरेच बोर्ड काही वेळा ट्राय करून स्वतःच डिफॉल्टवर येतात.

तरीही बोर्डावरचा डीरॅमचा (म्हणजे रॅमचा) एलईडी पेटलेलाच राहिला तर सीमॉस क्लिअर करायचं, म्हणजे बायोसच्या (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) सेटिंग पुसून डिफॉल्टवर आणायच्या. पॉवर सप्लाय बंद, वायर काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जातो. मग मागे क्लिअर सीमॉसचं बटण असेल तर ते दाबा, नसेल तर मॅन्युअलमध्ये बघून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने पाच-दहा सेकंद जोडा. तेही नाही जमलं तर गोल सेल (सीआर२०३२) काढून पाचेक मिनिटांनी परत बसवा.

एवढं करूनही काही नाही? मग रॅमची एकच स्टिक ठेवा, चार स्लॉटच्या बोर्डवर बहुतेकदा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२. चालू झाला तर दुसरी स्टिक लावून बघा. चार स्टिक असतील तर जास्त स्पीडची आशाच सोडा, डीडीआर५ वर तर दोनच स्टिक बऱ्या. दोन वेगवेगळे किट मिसळले असतील तर तिथेच गोची असू शकते.

आता एक गोष्ट जी फार जणांना माहीत नसते: क्लिअर केल्यावर बायोस दिसतं पण विंडोज येत नाही, तर रॅमला शिव्या देऊ नका. डिफॉल्टमुळे सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सेटिंग) किंवा स्टोरेजचा मोड (एएचसीआय किंवा RAID) बदललेला असू शकतो, तो पूर्वीसारखा करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक करणारं फीचर) ऑन असेल तर रिकव्हरी की मागू शकतो, ती आधीच लिहून ठेवलेली बरी.

परत ट्राय करताना बायोस अपडेट करून घ्या, मग एक पायरी खाली या, उदा. डीडीआर४ वर ३६०० नाही झालं तर ३४६६, किंवा स्पीड तोच ठेवून टायमिंग (रॅमच्या प्रतिसादाच्या वेळा) थोडे सैल करा. व्होल्टेज मात्र किटवर लिहिलंय तेवढंच, डीडीआर४ ला साधारण १.३५ व्होल्ट. एएम५ वर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं) १.३ व्होल्टच्या वर अजिबात नको, प्रोसेसर जाऊ शकतो त्याने.

आणि डेस्कटॉप दिसला म्हणून लगेच खूश होऊ नका, मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) रात्रभर लावा, एक जरी एरर आली तरी ती सेटिंग बाद, नाहीतर फायली गुपचूप खराब होत राहतात आणि महिन्याभराने तुम्ही एसएसडीला दोष देत बसता.