धावायला न आवडणाऱ्याची पहिली १० किलोमीटर शर्यत

धावणं मला आवडत नव्हतं. वजन उतरवायला डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आठवड्यातून एक-दोनदा तीनेक किलोमीटर धावून यायचो, तेवढंच. अशात ताईने १० किलोमीटरच्या शर्यतीत स्वतःबरोबर माझंही नाव घातलं. हातात ११ आठवडे होते. मनाविरुद्ध तयारीला लागलेल्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा, म्हणून हे लिहितोय.

तोवर दर वेळी तेच व्हायचं. पाच मिनिटांत धाप लागायची, बरगडीखाली टोचायला लागायचं आणि घरी येईपर्यंत उद्या नको असं वाटायचं. आपलं शरीरच धावण्याजोगं नाही, अशी माझी खात्री झाली होती. पहिल्या रविवारी ताई सोबत आली आणि म्हणाली, "माझ्याशी बोलत बोलत धाव." मला एक वाक्य धड पुरं करता येईना. "मग हळू हो," ती म्हणाली, "अजून हळू." किलोमीटरला साडेसहा मिनिटं लागायची तिथे सव्वाआठ लागू लागली, आणि पहिल्यांदाच मी न थांबता २० मिनिटं धावलो.

आपल्यापैकी बहुतेकांची धावण्याशी ओळख शाळेतल्या १०० मीटरच्या शर्यतीत होते. धावायचं म्हणजे जीव तोडून, हे तेव्हा मनात बसतं ते कायमचं. लांब अंतराला ते लागू नाही. पूर्ण वाक्यात बोलता येईल असा वेग असला की स्नायूंना लागणारा प्राणवायू श्वासातून पुरेसा मिळत राहतो. बोलणं तुटायला लागलं की समजा, हा वेग फार वेळ टिकणार नाही. घड्याळापेक्षा ही खूण भरवशाची आहे. तयारीतलं जवळजवळ सगळं धावणं याच वेगात करा.

मधे चालायलाही लाजू नका. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी नवख्यांना हीच पद्धत शिकवली: थोडं धावा, थोडं चाला. मी चार मिनिटं धावून एक मिनिट चालायचो. यातली मेख अशी, की दमायच्या आधी चालायचं. अगदी गळून गेल्यावर चालायला लागलात तर पुन्हा धावायला पाय उचलत नाहीत.

पाचव्या आठवड्यात मी चुकलो. दम चांगला टिकत होता, म्हणून पाचवरून एकदम आठ किलोमीटरवर गेलो. दुसऱ्या दिवशी उजव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं आणि नऊ दिवस धावणं बंद ठेवावं लागलं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात; हाडं आणि स्नायूबंध मजबूत व्हायला महिने लागतात. त्यामुळे दम आहे म्हणून पायही तयार असतील असं नाही. दोन्ही मांड्या किंवा पोटऱ्या भरून आल्यासारख्या दुखत असतील तर घाबरायचं कारण नाही. पण दुखरी जागा एका बोटाने दाखवता येत असेल, तर थांबा, आणि विश्रांतीनेही कमी झालं नाही तर डॉक्टरांकडे जा.

सरावात पूर्ण १० किलोमीटर एकदाही धावलो नाही. सर्वांत लांब पल्ला आठचा होता, आणि तो पुरला. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणलं. बूट-मोजे सरावातलेच ठेवा, शर्यतीच्या दिवशी नवं काहीही नको. पायाची नखं दोन-तीन दिवस आधी कापा, आणि काखेत, मांड्यांना पेट्रोलियम जेली लावा. घासून सोलवटलेल्या कातडीवर घाम झोंबतो तेव्हा दुसरं काही सुचत नाही.

बिब, म्हणजे नंबराचा कागद, छातीवर चारही कोपऱ्यांना पिना लावून बसवा. आमच्या बिबच्या मागे वेळ मोजणारी चिप होती. तशी असेल तर बिबला घडी घालू नका. तुमची वेळ चिप सुरुवातीची रेषा ओलांडते तेव्हापासून मोजली जाते, त्यामुळे पुढे घुसायची गरजच नाही. मी मुद्दाम मागे उभा राहिलो. तरी पहिला किलोमीटर सहा मिनिटं चाळीस सेकंदांत गेला! गर्दी, ढोल, ओरडा. सगळ्यांनी अंगात इतकं बळ येतं की तो वेग सहज वाटतो. त्याची किंमत मी सहाव्या किलोमीटरला मोजली. पहिले दोन किलोमीटर लोक तुम्हाला मागे टाकून जातील. जाऊ द्या त्यांना.

पाण्याच्या टेबलांच्या रांगेत पहिल्यावर झुंबड असते, शेवटचं मोकळं असतं. पेला घेऊन चालत प्या, तहान असेल तेवढंच. छातीत दुखलं किंवा गरगरलं तर तिथल्या तिथे थांबून स्वयंसेवकाला सांगा. तेव्हा पदकाचा विचार करायचा नाही.

आणखी एक गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. माझ्या घड्याळात १० किलोमीटर पूर्ण झाले तेव्हा शेवटची कमान अजून दीडेकशे मीटर लांब होती, आणि तिथे माझा धीर सुटत आला होता. प्रमाणित मार्ग सायकलने मोजतात, तोही वळणांवर कडेलगतच्या सर्वांत जवळच्या रेषेने, आणि अंतर कमी भरू नये म्हणून हजार मीटरला एक मीटर जास्तच धरतात. आपण वळणं रुंद घेतो, माणसं चुकवत जातो. शिवाय घड्याळाचं मोजमापही थोडं इकडेतिकडे होतं. तेव्हा मनात सव्वादहा धरूनच निघा.

चिपने माझी वेळ दाखवली १ तास २१ मिनिटं. ताई कमानीपाशी थांबली होती. मी खाली बसायला गेलो तशी तिने दंडाला धरून चालवलं. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येऊ शकते, म्हणून दहा मिनिटं तरी चालत राहायचं. पाय सर्वांत जास्त दुखले ते त्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी, आणि तेही जिना उतरताना.