फवारणी-ड्रोन आणि विजेच्या तारा: नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

निफाड, दिंडोरी आणि चांदवड भागातील द्राक्षबागांवर मी ड्रोनने औषध फवारणी करतो. ड्रोन नियम २०२१ नुसार रिमोट पायलटचे प्रमाणपत्र घेताना उड्डाणाचे शिक्षण मिळते. बागेतील तारांची ओळख मात्र प्रत्यक्ष बांधावर उभे राहूनच होते.

द्राक्षाचा मांडव साधारण दोन मीटर उंच असतो आणि ड्रोन त्याच्या वर दोन-अडीच मीटर राहून फवारतो, म्हणजे जमिनीपासून चार-साडेचार मीटरवर उडतो. रस्त्यापासून दूर, शेतातून जाणाऱ्या ११ केव्हीच्या उघड्या तारेखाली किमान ४.६ मीटर मोकळी जागा असावी, असा नियम आहे. हे आकडे शेजारी ठेवले की धोका कुठे आहे ते कळते: आपल्या कामाची उंची आणि तारेची उंची जवळजवळ एकच आहे. त्यातच दोन खांबांमधला झोळ ऊन आणि विजेचा भार वाढला की वाढतो, त्यामुळे सकाळी डोळ्यांनी जोखलेले अंतर दुपारी तेवढेच राहील असे धरता येत नाही.

हिरव्या बागेच्या किंवा धुरकट आकाशाच्या पार्श्वभूमीवर तार दिसत नाही, म्हणून आधी खांब शोधावेत. डीपीपासून (शेताला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून) निघून प्रत्येक खांबाच्या आडव्या पट्टीची दिशा पाहत विहिरीच्या मोटरीपर्यंत पायी जावे; खांबाला आधार देणारा तिरका ताण आणि झाडीत लपलेला खांब याच फेरीत सापडतात. ड्रोनच्या रडारला बारीक तार दिसेलच असे नाही.

तार माहीत असणेही पुरेसे नसते. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा तपास यंत्रणेने विमाने आणि हेलिकॉप्टरे तारांना धडकल्याच्या घटनांचा अभ्यास केला, तेव्हा निम्म्याहून अधिक घटनांत वैमानिकाला ती तार आधीपासून ठाऊक होती. पट्ट्यामागून पट्टा फवारताना लक्ष औषधावर आणि बॅटरीवर जाते व तार विसरली जाते. आपण तर जमिनीवर लांब उभे असतो. ड्रोन तारेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे तिथून ठरवता येत नाही. त्यासाठी तारेच्या बाजूला, पण तिच्या खाली नव्हे, एक सहायक उभा करावा, आणि त्याने ‘थांब’ म्हटले की कारण न विचारता ड्रोन थांबवावा. पट्टे तारेला समांतर आखावेत. बॅटरी संपत आल्यावर आपोआप परतणारा ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर चढतो आणि मग सरळ घराकडे निघतो. वाटेत तार असेल तर तो तिच्यातूनच जाऊ पाहील, म्हणून ती उंची आणि उतरण्याची जागा प्रत्येक बागेत नव्याने ठरवावी लागते.

द्राक्षबागेत आणखी एक धोका आहे आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. मांडवाच्या लोखंडी तारा आणि अँगल ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असतात. ड्रोनच्या धडकेने वीजवाहिनी तुटून मांडवावर पडली, तर प्रवाह दूरच्या टोकाला काम करणाऱ्या मजुरापर्यंत पोहोचू शकतो. गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठीच्या छाटणीनंतर) डावणी हा बुरशीजन्य रोग रोखण्यासाठी फवारण्यांची घाई असते आणि तेव्हा शेजारच्या बागेतही माणसे असतात. उड्डाणापूर्वी सर्वांना मांडवापासून दूर करावे. ड्रोन तारेत अडकलाच तर काठीने ओढू नये आणि वीज गेली आहे असे समजून जवळही जाऊ नये, कारण शेतीचा पुरवठा पाळीने येतो आणि केव्हाही सुरू होतो. १९१२ वर किंवा गावच्या वायरमनला कळवावे आणि त्याने लाइन बंद केल्याचे स्वतः सांगेपर्यंत थांबावे.

तारेखालच्या आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या ओळी मी फवारत नाही. शेतकऱ्याला हे सौदा ठरवतानाच सांगतो, त्या ओळी ट्रॅक्टरच्या ब्लोअरने करून घ्याव्या लागतील याची कल्पना देतो आणि एकरी दर लावताना तेवढे क्षेत्र वजा करतो.