बडोद्यातले बारा थांबे अ‍ॅनीलरवर बसवताना

टेम्पो मांडवीहून निघून रावपुरा, अलकापुरी, कारेलीबाग, मकरपुरा करत परत येतो. मांडवी धरून बारा थांबे. सर्वांत आखूड मार्ग शोधायचाय, तोही क्वांटम अ‍ॅनीलरवर, म्हणजे सर्वांत कमी किमतीचं उत्तर शोधणाऱ्या क्वांटम यंत्रावर. कुठला थांबा कितवा, हे मांडायला १२ × १२ = १४४ चल (प्रत्येकाचं मूल्य ० किंवा १) लागतात. मांडवी पहिली हे आधीच पक्कं करा, म्हणजे ११ × ११ = १२१ उरतात.

डी-वेव्हच्या अ‍ॅडव्हान्टेज यंत्रात पाच हजारांवर क्युबिट (० किंवा १ धरणारे क्वांटम घटक) आहेत, त्यामुळे १२१ किरकोळ वाटतात. खरी अडचण जोडण्यांची: दोन चलांचा एकमेकांशी संबंध असेल, तर त्यांचे क्युबिट जोडलेले लागतात. तिथे एक क्युबिट फार तर १५ क्युबिटांना जोडलेला असतो. आपल्या एका चलाला ४० पर्यंत जोडण्या हव्यात: तोच थांबा इतर क्रमांकांवर १०, त्याच क्रमांकावर इतर थांबे १०, मागच्या-पुढच्या क्रमांकांवर मिळून २०. म्हणून एका चलासाठी एकच मूल्य धरणाऱ्या क्युबिटांची साखळी करावी लागते. हिशेबाने किमान तीन, प्रत्यक्षात जास्त. साखळ्या शोधणारा प्रोग्रॅम दर वेळी वेगळी मांडणी देतो. तो वीसेक वेळा चालवा आणि जिच्यातली सर्वांत लांब साखळी आखूड असेल ती मांडणी जपून ठेवा. उद्या अंतरं बदलली तरी ती चालते.

आता आकडे. बहुतेक जण इथेच फसतात. सर्वांत मोठं अंतर ६.२ किमी असेल, तर नियम (प्रत्येक थांबा एकदाच, प्रत्येक क्रमांकावर एकच थांबा) मोडल्याचा दंड त्याहून मोठा हवा, समजा ७. हा दंड (चलांची बेरीज − १) च्या वर्गाला लावतात; तो वर्ग सोडवला की दोन चलांमधला सहगुणक १४ होतो. यंत्र सगळं ठरलेल्या पट्ट्यात दाबून बसवतं, तेव्हा ०.१ किमीचा फरक १४ च्या एक टक्क्याहूनही कमी उरतो आणि अ‍ॅनालॉग गोंगाटात बुडतो.

उपाय कागदावरच आहे. अंतरांच्या तक्त्यात प्रत्येक थांब्याच्या ओळीतून त्या ओळीतलं सर्वांत छोटं अंतर वजा करा, मग तेच स्तंभांत. प्रत्येक थांब्यातून एकदाच निघायचं आणि एकदाच पोचायचं असल्याने सर्वोत्तम मार्ग तोच राहतो. मकरपुऱ्यासारखा सगळ्यांपासून लांब थांबा असला की याचा मोठा फायदा होतो. सर्वांत मोठा आकडा ३.५ वर आला, तर दंड ४ पुरतो, म्हणजे सहगुणक ८. अंतरं अर्ध्या किमीच्या टप्प्यांत गोल केलीत, तर एक टप्पा म्हणजे ८ पैकी ०.५, सहा टक्के. एवढं यंत्राला दिसतं.

साखळीची ताकद, म्हणजे तिच्यातले क्युबिट एकमेकांशी किती घट्ट बांधायचे, ती शेवटी ठरवा. ती फार वाढवली की बाकीचे आकडे पुन्हा दबतात. कमी पडली की साखळ्या तुटतात, म्हणजे एकाच साखळीतले क्युबिट वेगवेगळी मूल्यं दाखवतात. म्हणून एकही साखळी कधीच तुटत नसेल, तर ताकद उतरवून पाहा. थोड्या तुटल्या तर बहुमताने मूल्य घ्या, आणि अंतर मोजण्याआधी प्रत्येक थांबा एकदाच आला आहे ना, हे तपासा.