कीबोर्ड गेला की अडॅप्टर? आधी कॅप्स लॉक दाबून बघा

अडॅप्टरमधून लॅपटॉपला जोडलेला कीबोर्ड चालेनासा झाला, की लगेच मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठू नका. आधी कॅप्स लॉक दाबा. वायरवाल्या यूएसबी कीबोर्डचा हा दिवा कीबोर्ड आपणहून लावत नाही, लॅपटॉपने सांगितल्यावरच तो लागतो. म्हणजे दिवा लागतोय-विझतोय तर वायर, अडॅप्टर, पोर्ट बहुधा ठीक आहेत. घोळ सेटिंगमध्ये शोधा. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट 8 सेकंद दाबून राहिली की फिल्टर कीज चालू करायचं विचारतं. घाईत ‘हो’ म्हटलं की पटकन दाबलेली बटणं उमटतच नाहीत. ते बंद करा.

दिवा लागतच नसेल तर कीबोर्ड काढून त्याच अडॅप्टरला पेन ड्राइव्ह लावा. तोही दिसला नाही, तर अडॅप्टर दुसऱ्या पोर्टात घालून बघा. तरीही शांतता? मग बहुधा अडॅप्टरच गेला. मुंबईच्या पावसाळी दमटपणात पिनांवर हिरवट थर धरतो; आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून एकदा लावून बघायला हरकत नाही. फुंकर मारू नका, थुंकीच उडते.

जुन्या गोल जांभळ्या पिनेचा कीबोर्ड असेल तर गोष्ट वेगळी. स्वस्तातला छोटा अडॅप्टर नुसत्या तारा जोडतो. कीबोर्डला मुळातच यूएसबी कळत नसेल तर तो कधीच चालणार नाही. दुकानात चिप असलेला ‘अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर’ मागा.