पेट (PET) स्कॅनरचा, म्हणजे शरीरातल्या किरणोत्सर्गी द्रव्याची प्रतिमा घेणाऱ्या यंत्राचा, प्रोटोटाइप तपासताय? या चुका टाळा

पहिली प्रतिमा बिघडलेली आली की सगळे डिटेक्टर उघडायला धावतात. थांबा. आधी फँटम (शरीराऐवजी स्कॅन करायचा चाचणी-नमुना) आणि घड्याळ बघा.

इमेज क्वालिटी फँटममध्ये सहा पोकळ गोळे असतात, ३७ मिमीपासून १० मिमीपर्यंत. सगळ्यात लहान गोळ्यात जेमतेम अर्धा मिली किरणोत्सर्गी द्रावण मावतं. त्यात ०.१ मिलीचा बुडबुडा अडकला की पाचवा हिस्सा रिकामा! कॉन्ट्रास्ट घसरतो आणि खापर फुटतं रिकन्स्ट्रक्शनवर, म्हणजे मोजणीतून प्रतिमा बनवणाऱ्या गणितावर. लांब सुई तळापर्यंत घाला, भरत भरत वर आणा, हलक्या टिचक्या मारा. ही तालीम आधी साध्या रंगीत पाण्यावर करा, म्हणजे बोटांना उगाच डोस नको. सिरिंज रिकामी झाल्यावरही डोस कॅलिब्रेटरमध्ये (किरणोत्सर्ग मोजायच्या उपकरणात) पुन्हा मोजा. तळाशी उरलेलं वजा करायला हमखास विसरतात.

आता घड्याळ. द्रावणातल्या किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं. डोस कॅलिब्रेटरचं घड्याळ आणि स्कॅनरचा संगणक यांत पाच मिनिटांचा फरक असेल, तर आकडा तीन टक्क्यांनी चुकतो. ओळखायचं कसं? तोच फँटम दोन-तीन तासांनी पुन्हा स्कॅन करा. क्षय-दुरुस्तीनंतर (वेळेनुसार घटलेला किरणोत्सर्ग हिशेबात धरल्यावर) चूक तेवढीच राहिली तर घड्याळ किंवा कॅलिब्रेशन तपासा. अॅक्टिव्हिटी (किरणोत्सर्गाची तीव्रता) उतरली तशी चूकही कमी झाली, तर डेड-टाइम दुरुस्तीकडे वळा, म्हणजे एक नोंद घेताना डिटेक्टरकडून हुकलेल्या नोंदींच्या हिशेबाकडे. घाईत लोक या दुसऱ्या स्कॅनवरच पाणी सोडतात.

रिझोल्यूशनचा (किती बारीक तपशील वेगळा दिसतो त्याचा) आकडा फारच देखणा आला तर मला आधी शंका येते. हवेत टांगलेल्या बिंदू-स्रोतावर इटरेटिव्ह (प्रतिमा पुन्हा पुन्हा सुधारत नेणारं) रिकन्स्ट्रक्शन चालवलं की प्रतिमा खोटी धारदार दिसते. नेमा (NEMA) या अमेरिकी उत्पादक संघटनेच्या एनयू २ मानकाप्रमाणे फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन ही थेट गणिती पद्धतच वापरा, वर स्मूदिंग नको. स्रोत १ मिमीच्या आत आणि पिक्सेल प्रतिमेतल्या ठिपक्याच्या अपेक्षित रुंदीच्या एक तृतीयांशाहून मोठा नको.

संवेदनशीलता मोजताना अॅक्टिव्हिटी कमीच ठेवा. पण डिटेक्टरचे क्रिस्टल एलएसओ किंवा एलवायएसओ (ल्युटेशियम असलेले) असतील, तर त्यातलं ल्युटेशियम-१७६ स्वतःच किरणोत्सर्गी आहे. रिकाम्या स्कॅनरचे काउंट घेऊन ते वजा करा.

सकाळी एसी लावल्या लावल्या मोजायला बसू नका. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचा (क्रिस्टलमधला प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचा) गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, तापमानाबरोबर सरकतो. आणि डिटेक्टरचं मॉड्यूल बदलल्यावर जुनंच नॉर्मलायझेशन (डिटेक्टरांमधला फरक भरून काढणारी दुरुस्ती) लावलंत, तर प्रतिमेत रेघा आणि कडी दिसणारच.