दुपारी ऊन कडक आणि सोलर बंद? आधी व्होल्टेज मोजा

एप्रिल-मेचं ऊन, आणि नेमका तेव्हाच सोलरच्या ॲपवरचा वीजनिर्मितीचा ग्राफ बारा वाजता धपकन खाली, मग वर, परत खाली, करवतीचे दात जसे. इन्व्हर्टरवर (पॅनेलची वीज घरच्या एसी विजेत बदलणारा डबा) ग्रिड ओव्हर व्होल्टेज, म्हणजे बाहेरच्या लाइनचं व्होल्टेज जास्त, असं लिहून येतं आणि आपण इन्व्हर्टर खराब निघाला म्हणून इन्स्टॉलरवर ओरडतो (मीपण ओरडलो होतो, नंतर सॉरी म्हणावं लागलं). इन्व्हर्टर बिचारा त्याचं काम करतोय. आपल्याकडे 2013 चा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा नियम आहे, व्होल्टेज 110 टक्क्यांवर म्हणजे 230 च्या हिशोबाने 253 च्या वर गेलं की 2 सेकंदांत ग्रिड सोडायचा, आणि सगळं ठीक झाल्यावरही निदान 60 सेकंद थांबून मगच परत जोडायचं. म्हणून ते करवतीचे दात.

आता व्होल्टेज वाढतं का, तर करंट बाहेर ढकलायचा म्हणजे इन्व्हर्टरला ग्रिडपेक्षा थोडं वर राहावंच लागतं आणि वायर जेवढी लांब नि बारीक तेवढं जास्त वर. 5 किलोवॉट सिंगल फेज म्हणजे 21-22 अँपिअर, 30 मीटर लांब 4 स्क्वेअर एमएम तांब्याची वायर असेल तर जाऊन-येऊन 60 मीटर, तिथेच 6 व्होल्ट चढले. तीच वायर 10 स्क्वेअर एमएम असती तर अडीचच्या आसपास. वर आपली डीपी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर) दोन फेजमध्ये 433 व्होल्टची, लोड नसेल तर फेज-न्यूट्रल 250, म्हणजे डीपीला चिकटून घर असेल तर आधीच काठावर.

तर भर उन्हात, सोलर जोरात चालू असताना, एकाच मिनिटाला दोन आकडे घ्या, एक इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवरचा आणि दुसरा मीटरनंतरच्या मेन स्विचवर मल्टिमीटरने. चालू लाइनवर हात घालायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा, मीटरच्या सीलला तर कोणीच हात लावायचा नाही. मग सोलरचा एसी एमसीबी पाडून मेनवर परत मोजा.

माझ्याकडे 3 किलोवॉट, ट्रिप होता होता इन्व्हर्टरवर 255 आणि मेनवर 248. सात व्होल्टचा फरक, वायरच्या हिशोबाने तीन यायला हवा होता. सगळं बंद करून एसीडीबी (इन्व्हर्टरनंतरचा एसी वायरिंगचा डबा) उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला, वायरचं इन्सुलेशन तपकिरी पडलेलं आणि जळक्या प्लास्टिकचा वास. जळका भाग कापून नवीन लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) क्रिंप केला, घट्ट आवळला, फरक तीनवर आला, ट्रिप बंद. खर्च म्हणाल तर एका लगचा आणि चहाचा.

पण सोलर बंद असतानाही मेनवर 250 च्या वर दिसत असेल तर प्रॉब्लेम आपल्या घरात नाही. तीन-चार दिवस वेळेसकट आकड्यांचे फोटो काढा, 1912 वर तक्रार करा आणि लेखीपण द्या, त्यात डीपीचा टॅप (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सेटिंग) आणि फेजवरचा लोड तपासायला स्पष्ट सांगा, नुसतं "व्होल्टेज जास्त आहे" म्हटलं तर वायरमन येऊन बघून जातो, बस. थ्री फेज कनेक्शन असून एका खोलीतले दिवे भगभगीत नि दुसरीकडे मंद होत असतील तर मात्र फोटोबिटो नको, न्यूट्रल तुटलेला असू शकतो, मेन पाडा आणि लगेच फोन करा.

तोवर मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री दुपारीच लावा, बाहेर कमी करंट गेला की खांबापर्यंतच्या वायरमधली चढण कमी होते. इन्स्टॉलर "लिमिट 270 करून देतो" म्हणेल, नको म्हणा, तेच व्होल्टेज तुमच्या फ्रिजलापण मिळणार आहे. त्यापेक्षा व्होल्ट-वॉट सेटिंग आहे का विचारा, त्यात इन्व्हर्टर एकदम बंद न पडता पॉवर हळूहळू कमी करतो. आणि कोणी इन्व्हर्टर नि ग्रिडच्या मधे स्टॅबिलायझर बसवा म्हणालं तर त्याला घरातला माळा दाखवा, जुना स्टॅबिलायझर तिथेच बरा.