एआयने दिलेला संदर्भ आधी उघडून पाहा

शोधनिबंधासाठी चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून संदर्भ मागितलेत, तर प्रत्येकाचा डीओआय क्रमांक (प्रकाशित लेखाचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक) स्वतः तपासून मूळ लेख उघडा. ही मॉडेल्स संभाव्य शब्द जुळवत वाक्य रचतात. त्यामुळे खरा लेखक, खरं नियतकालिक आणि कधीच न छापलेला लेख असं मिश्रण सहज तयार होतं, आणि ते दिसतंही अगदी अस्सल. डीओआय सापडला तरी थांबू नका. तो भलत्याच लेखाचा असू शकतो. लेख खरा निघाला, तर तुम्ही त्याच्या नावावर घातलेलं विधान त्यात खरोखर आहे का, हे तो भाग वाचूनच ठरवा. माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच निसटतात.

साधनाचं नाव, आवृत्ती, तारीख आणि त्याच्याकडून नेमकं काय करून घेतलं, हे त्याच दिवशी टिपून ठेवा. शोधनिबंध पाठवताना ते जाहीर करावं लागतं. एआयला सहलेखक मात्र करू नका. मजकुराची जबाबदारी ते घेऊ शकत नाही.

परीक्षणासाठी आलेलं दुसऱ्याचं अप्रकाशित हस्तलिखितही अशा साधनात टाकू नका. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने अनुदान-प्रस्तावांच्या परीक्षकांना २०२३ मध्येच याची मनाई केली आहे.